कंपाइल करतानाची एरर लगेच फेकू नका
डेटाबेस इंजिनबद्दल वर म्हटलंय की क्वेरीतलं एक्सप्रेशन (हिशेबाचा किंवा अटीचा भाग) कंपाइल होताना, म्हणजे प्रत्यक्ष ओळींवर चालण्याआधी तयार होताना, एक्सेप्शन (एरर) आली की क्वेरी तिथेच फेल करावी, मला हे सरसकट पटत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसचंच बघा, CASE (अट बघून फांदी निवडणारी रचना) मध्ये ELSE ला, म्हणजे कुठलीच अट न जुळल्यास चालणाऱ्या फांदीला, १/० लिहिलं, तर टेबलातली एकही ओळ त्या फांदीत जाणार नसली तरी डिव्हिजन बाय झिरो येऊ शकतो, कारण प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) कॉन्स्टंट, म्हणजे ओळीनुसार न बदलणारा, भाग आधीच सोडवून टाकतो (यालाच फोल्डिंग म्हणतात), आणि हे त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सरळ लिहिलंय. युजरच्या दृष्टीने मात्र हा अन्यायच आहे हो, त्याने CASE लावलाच होता त्यापासून वाचायला!

प्रेस्टो या क्वेरी इंजिनने काढलेला मार्ग मला जास्त आवडतो, फोल्डिंगमध्ये एक्सेप्शन आली की ती पकडून त्या जागी, चाललं की एरर देणाऱ्या फेल फंक्शनचा कॉल ठेवायचा, म्हणजे ती फांदी खरंच चालली तरच एरर.

पण इंजिनच्या स्वतःच्या मर्यादेमुळे कंपाइल अडलं तर गोष्ट वेगळी. जावामध्ये एका मेथडला ६४ केबीच बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) चालतो, शेकडो कॉलम असले की इंजिनने क्वेरीसाठी जनरेट केलेला कोड सहज त्यापुढे जातो, तेव्हा स्पार्क हे इंजिन होल-स्टेज कोडजेन (क्वेरीच्या अनेक पायऱ्यांचा मिळून एकच कोड बनवणं) सोडून साध्या मार्गाने क्वेरी चालवतो. फक्त तिथे लॉग नीट टाका, नाहीतर क्वेरी अचानक स्लो का झाली ते शोधण्यात दिवस जातो.