मदत हवी आहे: माहीमच्या किनाऱ्यावर सापडलेली तीन जुनी बटणं

नमस्कार मंडळी,

भाच्याने साठवलेल्या पैशांतून मेटल डिटेक्टर मागवला आणि तेव्हापासून रविवारी ओहोटी बघून पहाटे साडेपाचला मामाची झोपमोड सुरू झाली. आजवरची कमाई म्हणजे खिळे, बाटल्यांची बुचं, दोनची नाणी आणि ही तीन बटणं.

पहिलं कोटाचं, २४ मिमी, वर इंग्रजीत जी.आय.पी.आर. हे तरी कळलं, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. पण बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली १८५३ला आणि या कंपनीची मध्य रेल्वे झाली १९५१ला. जवळजवळ शंभर वर्षं! त्यातला काळ नेमका कसा ठरवायचा?

दुसरं १७ मिमी, बहुधा बाहीचं. दोर गुंडाळलेला नांगर, वर मुकुट. मुकुटाच्या कमानी मधोमध खचल्यासारख्या दिसतात. मुळात तशा आहेत की झिजल्यात, भिंगातूनही कळेना.

तिसरं सपाट चकतीसारखं, पुढे काहीच नाही, मागे डाग दिलेली कडी.

आता गाढवपणा सांगतो. मी बटणं ओट्यावर ठेवून आंघोळीला गेलो. आई देवाची भांडी घासत होती, तिने तिन्हींना चिंच लावली. कळंक गेला, पण नांगराच्या बटणावर जो सोनेरी मुलामा थोडा शिल्लक होता तोही गेला. गंमत म्हणजे त्यामुळेच मागची ‘लंडन’ ही अक्षरं वर आली. त्याआधीचं नाव अजून लागत नाही.

शिवाय, हे घरात ठेवणं कायद्यात बसतं का?

प्रतिसाद:

मागची बाजू आधी बघा, पुढची नंतर. बनवणाऱ्याचं नाव तिथेच कडेने गोल छापलेलं असतं: लंडनचे फर्मिन, जेनेन्स, बर्मिंगहॅमचे गाँट वगैरे. नाव, पत्ता किंवा शेवटचं ‘लिमिटेड’ बदललं की शिक्काही बदलायचा, त्यावरून काळ बराच आवळता येतो. रेल्वेच्या बटणालाही हाच उपाय. टॉर्च आडवा धरून फोटो काढा, समोरून फ्लॅश मारू नका.

मुकुटाचं असं की १९०१नंतर राजाच्या काळात कमानी गोल, फुगीर झाल्या आणि १९५२नंतर राणी आल्यावर पुन्हा खचक्या. तुमच्या खरंच खचलेल्या असतील तर व्हिक्टोरियाचा काळ जास्त संभवतो, कारण १९५२ला आपल्याकडे मुकुट उरलाच नव्हता. अर्थात बंदरात उतरलेल्या एखाद्या ब्रिटिश खलाशाचं बटण असेल तर हा हिशोब चुकेल. ब्रिटिश आरमाराच्या बटणावर नांगराच्या डोक्यावर मुकुट आला १८१२ला, म्हणजे त्याआधीचं तर नक्की नाही.

सपाट बटण तिघांत सर्वांत जुनं असू शकतं. एकाच चकतीची सपाट बटणं अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला फार चालत. पण नुसत्या आकारावरून मी पैज लावणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की कलेक्टरला कळवायचं असतं. दहा रुपये अजून दहाच आहेत! किल्ल्याजवळ किंवा संरक्षित स्मारकाच्या हद्दीत मात्र यंत्र अजिबात नेऊ नका.

बटणं आठवडाभर गोड्या पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, म्हणजे मीठ निघेल. आणि चिंच आमटीत.