ग्वातेमाला, निकाराग्वा आणि ९० दिवसांचा हिशेब
ग्वातेमालात तीन महिने स्पॅनिश शिकायचं आणि मग तीन महिने निकाराग्वात राहायचं, हा क्रम भाषेसाठी चांगला आहे, पण दिवसांचा हिशेब बसत नाही. ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा यांच्यात सीए-४ (सेंट्रल अमेरिका-४) हा आपसात मोकळ्या प्रवासाचा करार आहे. पर्यटकाला साधारणपणे मिळणारे ९० दिवस चारही देशांत मिळून असतात. आपसातली सीमा ओलांडली म्हणून मोजणी पुन्हा शून्यावर येत नाही. त्यासाठी मेक्सिको, बेलीझ किंवा कोस्टा रिकात जावं लागतं, नाहीतर मुदत संपायच्या आत इमिग्रेशन कार्यालयात मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो. त्यापेक्षा ग्वातेमालातल्या आंतिग्वा शहरात सहा-सात आठवडे एकास एक शिकवणी (रोज चार तास पुरे, पुढचं डोक्यात शिरत नाही) आणि उरलेले दिवस फिरायला, हे वाटप सोयीचं.

आणि हो, निकाराग्वात पुस्तकी 'तू तिएनेस' (तुझ्याकडे आहे) फारसं ऐकू येत नाही, तिथे त्याच अर्थाने 'वोस तेनेस' चालतं. अनोळखी माणसाशी मात्र 'उस्तेद' (आपण)च. स्पेनमध्ये बस पकडण्यासाठी सर्रास वापरतात ते 'कोहेर' (घेणे, पकडणे) ग्वातेमाला-निकाराग्वात अश्लील ठरतं, 'तोमार' म्हणा.