शब्दचर्चा : ‘लुकर-इन’ला मराठीत काय म्हणाल?

अर्धविराम :
एका दिवाळी अंकासाठी लेख मराठीत आणतेय. विषय बीबीसीच्या टीव्हीची सुरुवातीची वर्षं. 2 नोव्हेंबर 1936 ला लंडनच्या उत्तरेकडच्या एका टेकडीवरून, अलेक्झांड्रा पॅलेसमधून, नियमित कार्यक्रम सुरू झाले तिथपासून साधारण 1955 पर्यंत. बाकी सगळं सुरळीत चाललंय, पण एका शब्दापाशी गाडी रुतली आहे.

त्या काळी टीव्ही बघणाऱ्याला इंग्रजीत ‘लुकर’ किंवा ‘लुकर-इन’ म्हणत. रेडिओ ऐकणारा तो ‘लिसनर-इन’, म्हणून हा ‘लुकर-इन’. बीबीसीची उच्चार आणि भाषा यांवर सल्ला देणारी एक समिती होती, अध्यक्ष बर्नार्ड शॉ. तिच्या शब्द-उपसमितीकडे 1935 च्या सुमाराला हा प्रश्न गेला. सुचवलेल्या शब्दांची यादी वाचून मी एकटीच हसत होते : ग्लान्सर, ऑरालुकर, टेलिसिअर, विटनेसर, व्हिजनेअर. शेवटी पसंती मिळाली ‘टेलिव्ह्यूअर’ला. लोकांनी त्याचं मुंडकं उडवलं आणि ‘व्ह्यूअर’ तेवढा वापरात ठेवला.

सरसकट ‘प्रेक्षक’ लिहिलं तर ही सगळी गंमत वाहून जाते. ‘लुकर-इन’ला वेगळा शब्द हवा आहे, थोडा अवघडलेला, नवखा वाटणारा. सुचवा.

तिसरी घंटा :
‘बघ्या’ घ्या की. अनेकवचन ‘बघे’. ‘लुकर’चा शब्दशः अर्थ तोच.

अर्धविराम :
पहिल्यांदा मीही तेच लिहिलं होतं. पण रस्त्यात दोन बैल झुंजले की भोवती जमतात ते बघे. फुकटे, बिनकामाचे. इथे माणसाने सुमारे 100 गिनी मोजून संच घेतलाय, म्हणजे त्या दिवसांत जवळपास छोट्या मोटारीची किंमत. त्याला बघ्या म्हटलं तर तो उठून संच बंद करेल.

खरखर :
मी आयुष्यभर संच दुरुस्त केलेला माणूस, व्याकरणात पडत नाही. पण एक सांगतो. तुमचा लेख 1936 पासून सुरू होतो आणि हा शब्द त्याच्या आधीचा, टीव्हीचा आद्य संशोधक बेअर्ड याच्या 30 रेषांच्या जमान्यातला. तो जमाना डोळ्यांसमोर आणल्याशिवाय ‘लुकर-इन’ कळायचा नाही.

जॉन लोगी बेअर्डच्या संचात एक गोल तबकडी फिरायची. तिच्यावर गोगलगाईच्या शंखासारख्या वळणात 30 भोकं. मागे निऑनचा दिवा. दिव्याचा उजेड कमीजास्त होणार, भोकांमधून रेषा उमटणार, आणि सेकंदाला साडेबारा चित्रं, म्हणजे चित्र सतत लुकलुकणार. चित्र उभट, अरुंद, तळव्यात मावेल एवढं, नारिंगी झाक असलेलं. ते बघायला संचासमोर नाक नेऊन बसावं लागे. दोघातिघांपेक्षा जास्त जणांना ते एका वेळी दिसतच नसे.

30 सप्टेंबर 1929 ला बीबीसीच्या प्रक्षेपकावरून हे पहिल्यांदा रीतसर सुटलं तेव्हा बेअर्डला एकच लहर मिळाली होती. म्हणून आधी दोन मिनिटं माणूस दिसायचा, ओठ हलवायचा, आवाज नाही. मग चित्र बंद, आणि तोच माणूस दोन मिनिटं ऐकू यायचा. चित्र आणि आवाज एकत्र यायला मार्च 1930 संपत आला.

तिसरी घंटा :
म्हणजे आपल्या ‘दूरचित्रवाणी’ शब्दाचा हा तर पुरावाच झाला! आधी चित्र, मग वाणी. मी त्या शब्दाला इतकी वर्षं सरकारी म्हणून हसत होतो.

अर्धविराम :
खरखरकाका, ‘नाक नेऊन बसावं लागे’ यावरून सुचलं : ‘डोकावणारा’? इंग्रजीतल्या त्या ‘इन’मध्ये आत वाकून बघण्याची छटा आहेच.

थेम्सकाठी :
ताई, इथे जरा थांबा. त्या ‘इन’चा अर्थ चोरून बघणं असा नव्हता. ‘लिसन-इन’ म्हणजे तेव्हाच्या लोकांच्या तोंडी सरळसरळ रेडिओ लावून ऐकणं. सुरुवातीला बिनतारी यंत्रावर जहाजांचे आणि हौशी मंडळींचे दुसऱ्यासाठी चाललेले संदेश कानावर पडत, तिथून ते ‘इन’ आलं असावं असं मला वाटतं. पण बीबीसीचे कार्यक्रम तर ऐकणाऱ्यासाठीच असत. ‘डोकावणारा’ म्हटलं की मराठी वाचकाला शेजाऱ्याची खिडकी दिसणार.

लंडनमध्ये सोहोत फ्रिथ स्ट्रीटवर 22 नंबरच्या घराला निळी पाटी आहे. 26 जानेवारी 1926 ला वरच्या मजल्यावर बेअर्डने रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभासदांना चित्र दाखवलं ते हेच घर. खाली आता कॉफीचं दुकान आहे. आदल्या ऑक्टोबरात त्याने आधी बोलक्या बाहुल्यांच्या खेळातल्या बाहुलीचं डोकं पडद्यावर आणलं, मग खालच्या कचेरीतल्या विल्यम टेंटन नावाच्या पोऱ्याला वर आणून दिव्यांसमोर बसवलं. दिव्यांची धग इतकी की पोरगा बाजूला सरकला. त्याला अर्धा क्राउन हातावर ठेवून पुन्हा बसवावं लागलं. पडद्यावर आलेला पहिला माणूस पैसे घेऊन आला. पण त्याला ‘बघणारा’ एकटा बेअर्ड. जगातला पहिला लुकर तोच. त्याला तुम्ही प्रेक्षक म्हणाल?

तिसरी घंटा :
नाही म्हणणार. प्रेक्षक म्हणजे समूह. तिकिटबारी, शेजारची खुर्ची, मागून खोकणारा माणूस. आम्हा नाटकवाल्यांत ‘प्रेक्षक कसा होता आज?’ असं एकवचनात विचारतात तेव्हासुद्धा मनात पाचशे माणसं असतात. घरात एकट्याने बसलेला तो प्रेक्षक हा अर्थ टीव्हीने नंतर या शब्दावर लादला.

सातबारा :
चर्चेत उशिरा येतोय. बघणाऱ्याचं तुम्ही बघा, मला पाठवणाऱ्याविषयी बोलायचंय. त्यासाठी कुणी ‘प्रसारण’ लिहितं, कुणी ‘प्रक्षेपण’. इंग्रजी ‘ब्रॉडकास्ट’ मुळात शेतीतला शब्द आहे. पाभरीने ओळीत न पेरता मूठ भरून बी रानात उधळायचं, त्याला ते म्हणायचे ब्रॉडकास्ट. आमच्याकडे त्याला फोकणं म्हणतात. मेथी, कोथिंबीर फोकून पेरतात. तर ‘प्रक्षेपण’ म्हणजे फेकणं हा शब्द मूळ अर्थाला जास्त धरून आहे. ‘प्रसारण’ हिंदीतून आलेलं वाटतं.

खरखर :
फोकणं! हे झकास आहे. अलेक्झांड्रा पॅलेसच्या मनोऱ्यावरून फोकलेलं बी साधारण 40 किलोमीटरपर्यंत नीट पडायचं. त्यापलीकडे कुठे उगवलं तर नशीब.

पण कामकाजात आम्ही दोन्ही शब्द वेगळे ठेवायचो. यंत्र करतं ते प्रक्षेपण, संस्था करते ते प्रसारण.

अर्धविराम :
लिहून ठेवलं. आता दुसरी अडचण. लेखात सारखं येतं की रविवारी रात्रीचं नाटक गुरुवारी ‘रिपीट’ होई. मी ‘पुनःप्रक्षेपण’ लिहिलंय. बरोबर ना?

तिसरी घंटा :
साफ चूक! आणि हे मी भांडून सांगेन. त्या काळी नाटक टेप करून ठेवायची सोय नव्हती. रविवारी नट स्टुडिओत जिवंत काम करत, कॅमेरे ते तसंच घराघरांत पोचवत, आणि संपलं की संपलं. गुरुवारी तेच नट पुन्हा रंगून, पुन्हा तेच कपडे चढवून सगळं पहिल्यापासून करत. याला आपल्याकडे एकच शब्द आहे : प्रयोग. गुरुवारी दुसरा प्रयोग.

ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’चं उदाहरण घ्या. 12 डिसेंबर 1954 ला रविवारी झालं. पीटर कुशिंग मुख्य भूमिकेत, दिग्दर्शन रुडॉल्फ कार्टिअरचं. छळाचे प्रसंग बघून लोक एवढे खवळले की प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेलं. तरी 16 तारखेला गुरुवारचा प्रयोग झालाच. त्या दुसऱ्या प्रयोगाच्या वेळी पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्रण केलं गेलं, म्हणून आज उरलाय तो गुरुवारचा प्रयोग. ज्यावरून बोंब झाली तो रविवारचा गेला. ‘पुनःप्रक्षेपण’ लिहिलंत तर वाचकाला वाटेल की दोन्ही एकच होते.

अर्धविराम :
मान्य, बिनशर्त. पानभर बदल करावे लागणार.

आणि मग ‘लाइव्ह’ला सगळीकडे ‘थेट’ चालेल ना?

खरखर :
नोव्हेंबर 1936 पासूनच्या पहिल्या तीन महिन्यांत जपून. तेव्हा दोन पद्धती आलटूनपालटून चालत. एक आठवडा बेअर्डच्या 240 रेषा, पुढचा मार्कोनी-ईएमआय कंपनीच्या 405. पहिल्या दिवशी आधी कोण, हे नाणं उडवून ठरलं आणि बेअर्ड जिंकला. त्याचं जिंकणं तेवढंच. ईएमआयचा एमिट्रॉन कॅमेरा खरोखर थेट होता. बेअर्डकडे मोठ्या दृश्यासाठी फिल्मचा कॅमेरा होता. फिल्म निघायची ती तशीच खाली टाक्यांत, धुतली जायची, आणि ओली असतानाच तिच्यावरून चित्र उचललं जायचं. टाक्यांत सायनाइड! नट वाक्य म्हणाला की मिनिटभराने ते घरी पोचायचं. हे थेट म्हणायचं की नाही ते तुम्ही भाषावाल्यांनी ठरवा. फेब्रुवारी 1937 पासून फक्त 405 उरलं आणि वाद मिटला.

सातबारा :
ओली फिल्म म्हणजे ‘ताजं’. थेट नाही, पण ताजं.

अर्धविराम :
‘ताजं’ घेतलं!

आता ‘इंटरल्यूड’. कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या वेळात बीबीसी 1950 च्या दशकात छोट्या फिती दाखवायची. एक मांजराचं पिल्लू लोकरीशी खेळतंय. लंडन ते ब्रायटन आगगाडी चार मिनिटांत, अर्थात वेग वाढवून. आणि सगळ्यांत गाजलेलं ते कुंभाराचं चाक. दोन हात ओल्या मातीला आकार देतायत, मडकं वर चढतंय, पुन्हा खाली बसतंय, पुन्हा चढतंय, आणि ते कधी पुरं होतच नाही. मी ‘विष्कंभक’ वापरू का? संस्कृत नाटकात दोन अंकांच्या मधे येतो तोच.

तिसरी घंटा :
मोह आवरा. विष्कंभकात पात्रं येऊन मधल्या काळात काय घडलं ते सांगतात. कथा पुढे सरकते. तुमचं मडकं कुठेच सरकत नाही.

थेम्सकाठी :
आमच्या पिढीला याचं नाव पाठ आहे : ‘व्यत्यय’. दादरला आजीकडे चाळीत एकच संच होता. ऐन रंगात आलेल्या वेळी पडद्यावर ती पाटी यायची आणि सगळी खोली एका सुरात ‘आऽऽ’ करायची. मी वाचायला शिकलो त्यात या शब्दाचा वाटा मोठा. जोडाक्षर दिसलं की मला अजून ती पाटी आठवते.

खरखर :
नाही, व्यत्यय म्हणजे बिघाड. आमची चूक. कुंभाराचं चाक कधीकधी बिघाडातही लावत, हे खरं, कारण सगळं थेट असल्यामुळे एक कॅमेरा बसला की पंचाईत. पण बऱ्याचदा ती ठरवून दिलेली उसंत असे. पुढच्या नाटकाचा सेट लागेपर्यंत घरातल्यांनी चहा ठेवावा म्हणून.

अर्धविराम :
‘उसंत’! काका, तुम्ही व्याकरणात पडत नाही म्हणालात.

‘व्यत्यय’ युद्धासाठी ठेवते मग. वाक्य असं आहे : 1 सप्टेंबर 1939 ला मिकी माउसचं कार्टून अर्ध्यावर तोडून टीव्ही बंद केला गेला आणि सात वर्षांच्या व्यत्ययानंतर 7 जून 1946 ला तिथूनच पुढे सुरू झाला.

थेम्सकाठी :
‘अर्ध्यावर’ काढा. ती इथली लाडकी दंतकथा आहे. कार्टून पूर्ण दाखवलं, नंतर यंत्रांची चाचणीही झाली, मग सगळं बंद केलं. मनोऱ्यावरच्या लहरी शत्रूच्या विमानांना वाट दाखवतील ही भीती होती, आणि तंत्रज्ञ रडारसाठी हवे होते. 1946 ला तेच कार्टून पुन्हा लावलं, पण सुरुवातीपासून. इंग्लंडात अंदाजे 20,000 संच सात वर्षं आंधळे होऊन पडले होते.

परत सुरू झालं तेव्हा समोर आली जॅस्मिन ब्लाय, युद्धाआधीचीच. तिची पहिली वाक्यं साधारण अशी : ‘नमस्कार मंडळी. कशी आहात? मी जॅस्मिन ब्लाय, आठवते ना?’ तिच्या पदाला तेव्हा ‘होस्टेस-अनाउन्सर’ म्हणत. त्याचं काय केलंत?

अर्धविराम :
‘निवेदिका’ लिहिलंय. ‘उद्घोषिका’ म्हटलं की फलाटावर उभं असल्यासारखं वाटतं.

तिसरी घंटा :
निवेदिका छान, पण ‘होस्टेस’ सुटतं. एकदा तरी ‘यजमानीण’ येऊ द्या. सात वर्षांनी दार उघडून ‘आठवते ना?’ विचारणारी यजमानीणच. आणि तिथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे बघा. यजमानीण आली की समोरचा कोण? पाहुणा! पाहणारा तो पाहुणा.

सातबारा :
व्युत्पत्ती धादांत खोटी आहे. पाहुणा ‘प्राघुण’वरून आलाय.

तिसरी घंटा :
माहितेय हो. म्हणून तर तोंडात घातला, कोशात नाही.

थेम्सकाठी :
शिवाय उलटं आहे. घर बघणाऱ्याचं, त्यामुळे पाहुणी ती. युद्धाआधी दोघी निवेदिका संध्याकाळचे ठेवणीतले कपडे घालून पडद्यावर येत, ते दुसऱ्याच्या घरी जायचं म्हणूनच की.

अर्धविराम :
तर हिशेब असा. ‘लुकर-इन’ पहिल्यांदा येईल तिथे ‘लुकर-इन’च, पुढे स्वल्पविराम देऊन ‘म्हणजे चित्र लावून बसणारा’. आपण रेडिओ ‘लावतो’, टीव्ही ‘लावतो’, आणि ‘लिसन-इन’मधलं ते ‘इन’ मला त्या लावण्यात सापडतंय. 1936 पर्यंत हाच शब्द. 1937 च्या मे महिन्यात राज्याभिषेकाची मिरवणूक हाइड पार्कच्या कोपऱ्यावरून दाखवली तिथून ‘प्रेक्षक’. त्या दिवशी एकेका संचासमोर शेजारीपाजारी जमले होते, त्यामुळे तिसरी घंटांची खोकणाऱ्या माणसाची अटही पुरी होते.

खरखर :
‘लावून बसणारा’ ठीक आहे. फक्त ते ‘बसणारा’ 30 रेषांच्या वेळी ‘वाकणारा’ करा.

अर्धविराम :
आत्ताच संपादकांना पाठवलं. त्यांचं उत्तर : ‘प्रयोग’ आणि ‘उसंत’ आवडले, ‘ताजं’खाली प्रश्नचिन्ह, आणि ‘फोकणं’ म्हणजे नक्की काय हे पुण्याच्या वाचकांना समासात सांगावं का?

सातबारा :
सांगा. आणि कोथिंबीर कुठून येते तेही.