निक्स: चाचण्या अडल्या की डू-चेक बंद करावं का?

मूळ मुद्दा:
निक्स म्हणजे सॉफ्टवेअर बिल्ड आणि इन्स्टॉल करणारं साधन. दुसऱ्याच्या पायथन लायब्ररीसाठी त्यात स्वतः लिहिलेल्या पॅकेजचं बिल्ड होतं आणि चाचण्यांवर येऊन पडतं. माझं मत, सरळ डू-चेक (बिल्डमध्ये चाचण्या चालवायच्या की नाही ते ठरवणारी सेटिंग) फॉल्स करा. बिल्ड ज्या बंदिस्त सँडबॉक्समध्ये चालतं तिथे नेटवर्क नाही, होमला (यूजरच्या डिरेक्टरीचा पत्ता सांगणाऱ्या व्हेरिएबलला) मिळतो तो /होमलेस-शेल्टर हा अस्तित्वातच नसलेला पत्ता. तिथे पडलेल्या चाचणीवरून कोडबद्दल काय कळणार? पायथन-इम्पोर्ट्स-चेकमध्ये (मॉड्यूल नुसतं इम्पोर्ट होतं का ते बघणारी यादी) मॉड्यूलचं नाव लिहिलं की पुरे.

प्रतिसाद १:
अजिबात पटत नाही. होमचं काम एका ओळीचं आहे: प्री-चेकमध्ये (चाचण्यांआधी चालणाऱ्या कमांड्समध्ये) एमकेटेम्प -डी ने तात्पुरती डिरेक्टरी करून होमला द्या आणि एक्स्पोर्ट करा. नेटवर्क मागणाऱ्या चाचण्या तेवढ्या डिसेबल्ड-टेस्ट्समध्ये (वगळायच्या चाचण्यांच्या यादीत) टाका. मूळ लेखकांनी चाचण्या चालवल्या त्या त्यांच्याकडच्या लायब्ररींवर. तुम्हाला मिळते निक्सपॅकेजेसमधली (निक्सच्या पॅकेज-संग्रहातली) आवृत्ती. एखाद्या फंक्शनचं आर्ग्युमेंट बदललं असेल तरी इम्पोर्ट बिनबोभाट होतो, फुटतं ते वापरताना.

मूळ मुद्दा मांडणारा:
डिसेबल्ड-टेस्ट्सही नेमकं नाही. ती नावं पायटेस्टच्या (पायथनच्या चाचण्या चालवणाऱ्या टूलच्या) -के ला, म्हणजे नावावरून चाचण्या निवडणाऱ्या पर्यायाला जातात आणि नावाचा तुकडा जुळला तरी चाचणी गळते. 'टेस्ट_गेट' लिहिलं की 'टेस्ट_गेट_ऑल'ही गेली.

प्रतिसाद १:
खरं आहे, पण गळती दिसते. पायटेस्ट शेवटी 'डीसिलेक्टेड'चा, म्हणजे वगळलेल्या चाचण्यांचा आकडा छापतो. निक्स लॉगमध्ये तो बघा. डू-चेक बंद केल्यावर बघायला काहीच उरत नाही.

प्रतिसाद २:
बंद-चालूच्या आधी कारण शोधा. चाचणीत 'मॉड्यूल सापडलं नाही' आलं, तर बहुतेकदा नेटिव्ह-चेक-इनपुट्समध्ये (फक्त चाचण्यांना लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत) काहीतरी राहिलंय. सी-एक्स्टेन्शन (सी भाषेत लिहून कंपाइल केलेला भाग) असेल तर गोष्ट वेगळी: पायटेस्ट चालू डिरेक्टरीतलं सोर्स फोल्डर उचलतो, पण कंपाइल झालेली .एसओ फाइल असते इन्स्टॉल झालेल्या प्रतीत. चाचण्या त्या फोल्डरबाहेर असतील तर प्री-चेकमध्ये ते फोल्डर उडवा. तरीही उलगडलं नाही तर --कीप-फेल्ड (पडलेल्या बिल्डची डिरेक्टरी न पुसणारा पर्याय) देऊन पुन्हा बिल्ड करा, राहिलेल्या डिरेक्टरीतली एन्व्ह-व्हार्स फाइल (बिल्डची व्हेरिएबल्स असलेली) शेलमध्ये सोर्स करून चाचणी हाताने चालवा.

आणि व्हर्जन वाढवून सोर्सचा जुना हॅश (डाउनलोड केलेल्या कोडची ओळख पटवणारा कोड) ठेवला असेल, तर या सगळ्या वादाला अर्थ नाही. गिटहबवरून कोड आणणारं फेच-फ्रॉम-गिटहब हे फंक्शन सोर्सला सहसा नुसतं 'सोर्स' नाव देतं. नाव तेच, हॅश तोच, म्हणून निक्स स्टोअरमधला (आधी आणलेलं सगळं साठवणाऱ्या फोल्डरमधला) जुना कोड उचलतो, एररही देत नाही. दर वेळी आधी लिब.फेकहॅश (मुद्दाम खोटा हॅश) लावा, बिल्ड पडू द्या, एररमधला खरा हॅश चिकटवा.