घडीची सायकल: १६ इंची चाक की २० इंची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घर ते स्टेशन, मग ट्रेन, मग स्टेशन ते ऑफिस असा रोजचा प्रवास आहे. दोन्ही टोकांची अंतरं चालायला जास्त आणि गाडी काढायला कमी, म्हणून फोल्डिंग सायकल घ्यायचं ठरवलंय. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रस्ता सपाट, फक्त शेवटी एका पुलाचा चढ लागतो. उंची पावणेसहा फूट, वजन ८२ किलो. (ई-बाईक सुचवू नका, जिन्यात कोण उचलणार?)

घडी बघितली तर १६ इंचीच घ्यावीशी वाटते. ब्रॉम्प्टन कंपनीच्या १६ इंची सायकलची घडी साधारण ५८ × ५६ × २७ सेंमी होते आणि चेन दोन चाकांच्या मध्ये जाते, त्यामुळे डब्यात कुणाच्या कपड्यांना काळं लागत नाही. डाहॉन, टर्न या कंपन्यांच्या २० इंची बहुतेक सायकली मधोमध दुमडतात, घडी बरीच ऐसपैस होते. पण खड्ड्यात २० इंची चाक कमी आपटतं.

टायरचा घोळ वेगळाच. १६ इंच या एकाच नावाखाली ३०५ आणि ३४९ मिमी अशी रिमची दोन मापं आहेत, २० इंचात ४०६ आणि ४५१. एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. ४०६ बीएमएक्सलाही (कसरतीच्या छोट्या सायकलींना) चालतो, म्हणजे मिळायला सोपा. ३४९ वापरणाऱ्यांनी सांगा, टायर-ट्यूब घरात साठवून ठेवावे लागतात का?

गियरचा हिशोब मी 'गियर इंचात' मांडलाय (आकडा जितका मोठा, तितकी पायडलच्या एका फेरीत सायकल जास्त पुढे जाते): पुढे ४४ दात, मागे १६ असतील तर २० इंची चाकावर ४४ ÷ १६ × २० = ५५ इंच. तेच दात १६ इंचीवर लावले की ४४ इंच, म्हणजे पाय गरगर फिरणार आणि सायकल जागच्या जागी. तेव्हा लहान चाकाला पुढची चकती मोठी हवीच. डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा मागचा भाग) लहान चाकावर जमिनीच्या फार जवळ लोंबतो, म्हणून मन तीन गियरच्या हबकडे (यात गियर मागच्या चाकाच्या तुंब्यातच असतात) झुकतंय. ८२ किलोच्या माणसाला पुलाचा चढ तीन गियरांत निघेल ना?

खरी धाकधूक बिजागरीची आहे. कुणीतरी विकायला काढलेली एक सायकल बघायला गेलो होतो. पुढचा ब्रेक दाबून मागेपुढे हलवली, तर हँडलचा दांडा बुडाशी, घडीच्या सांध्यातच हलत होता. मालक म्हणाले, "तेवढं चालतंय हो, क्लॅम्प आवळला की झालं." असं खरंच आवळून जातं, की पिनच झिजलेली असते? रोज घडी घालणाऱ्यांच्या सायकलीला हा खुळखुळा किती वर्षांनी आला, आणि मेनफ्रेमच्या सांध्यातही येतो का?

जुनी घ्यावी की सरळ नवी, ते या उत्तरांवरच ठरवणार आहे.