कोल्हापुरातून चढ आणि नदीकाठ दोन्ही मिळतील असा रविवारचा रस्ता कोणता?

शाहूपुरी_सायकल

नमस्कार मंडळी. जानेवारीत एक जुनी रोड बाईक घेतली. गिअरच्या चक्रांचे दात पुढे ५०/३४, मागे ११-२८, टायर २५ मिमी, रिमचे ब्रेक. आठवड्यातून दोनदा पहाटे रंकाळा ते कळंबा अशी फेरी होते. पन्हाळा दोनदा चढून झाला. चढाची मजा वाटली, पण वाघबीळच्या पुढे पर्यटकांच्या गाड्या कानाजवळून जातात. उतरताना ब्रेक दाबून हात इतके भरून आले की बुधवार पेठेजवळ थांबून बोटं सरळ करावी लागली.

आता दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी ९० ते ११० किलोमीटर करायचे आहेत. बरोबर बहिणीचा मुलगा आहे, १७ वर्षांचा, माझ्यापेक्षा दमदार. नुसता हायवे नको. नदीच्या खोऱ्यातून जाणारा रस्ता हवा आणि शेवटी डोंगर हवा. भीती दोन गोष्टींची वाटते, उतार आणि उसाच्या ट्रॉल्या. कुणी नेहमी जात असेल तर नीट सांगा, प्लीज.

गंगावेश

ताई, जोतिबा करा की. शिवाजी पूल, केर्ली, तिथून उजवीकडे जोतिबा, मग गिरोली, दानेवाडी करत वाघबीळ आणि परत. अंतर तुम्हाला कमी पडेल, पण चढ पोटभर मिळतो. फक्त रविवार हा देवाचा वार, गर्दी असते. साडेपाचला पूल ओलांडला तर उजाडताना वर पोचाल. ११-२८ वर जोतिबाचे काही तुकडे उभं राहूनच काढावे लागतील.

पाटकरी

ताई, गंगावेशकरांनी सांगितलेला रस्ता चांगलाच आहे, पण तुम्ही खोरं मागितलंय. माझी सगळी नोकरी पाटबंधाऱ्याकडं गेली. आता ६१ चालू आहे आणि चौदा वर्षं रोड बाईक चालवतोय. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. आपल्याकडं गड धरून निघालं की चढ अंगावर येतो. नदी धरून निघालं की चढ हळूहळू पायाखाली येतो आणि पाय तयार असतात. चिखलीच्या प्रयागाला भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते. सरस्वती सोडली तर राहिल्या चार नद्या. एकेक नदी उगमाकडं धरून जावा, तुमचे चार रविवार ठरले.

पहिला रविवार कुंभीला द्या. फुलेवाडी, बालिंगा, कळे, मांडुकली, असळज, गगनबावडा. जाऊन-येऊन ११० च्या आसपास. बालिंग्याला भोगावती ओलांडायची, कळ्याच्या अलीकडं-पलीकडं कुंभीचं खोरं सुरू होतं. कळ्यापर्यंत दोन्ही बाजूला ऊस, माणसांची वर्दळ, दुधाचे कॅन लावलेल्या मोटरसायकली. तिथं वेग काढायला जाऊ नका. कळ्यात चहा घ्या, बाटल्या भरून घ्या. पुढं ऊस कमी होत जातो, भाताची खाचरं दिसायला लागतात, डोंगर दोन्हीकडून जवळ येतात. नोव्हेंबरात कापणी झालेली असते आणि सकाळच्या उन्हात भाताच्या पिंजराचा वास रस्त्याभर असतो. मला हा तुकडा अख्ख्या जिल्ह्यात सगळ्यांत आवडतो. असळजपर्यंत रस्ता चढतोय हे पाय सांगतात, डोळ्याला कळत नाही. खरा चढ शेवटी आहे. तिथं ३४ वर टाका, मागचं मोठं चक्र धरा आणि श्वास बोलता येईल इतका ठेवा. पोराला पुढं जाऊ दे, तुम्ही तुमच्या चालीनं चला.

गगनबावड्यात रस्ता फुटतो, करूळ घाट वैभववाडीकडं आणि भुईबावडा घाट खारेपाटणकडं. कड्यावर उभं राहून कोकण बघा, पण खाली उतरू नका. करूळ दहा किलोमीटरच्या आसपास आहे आणि उतरलेलं सगळं परत चढायचं असतं. पहिल्यांदा जाताना ते नको.

आता ट्रॉल्या. तुमची भीती बरोबर आहे. सात वर्षांपूर्वी डिसेंबरात कळ्याच्या पुढं मी पडलो. पहाटेची वेळ, धुकं, पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. ओलांडायला गेलो आणि रस्त्यावर पडलेली उसाची कांडी पुढच्या चाकाखाली आली. चाक गोल कांडीवरून घसरलं, कॉलरबोन मोडलं, दोन महिने सायकल भिंतीला. तेव्हापासून माझे नियम ठरलेत. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चढावर कधीच ओलांडायचा नाही, कारण मागची ट्रॉली हेलकावते आणि बाहेर आलेला ऊस बरोबर आपल्या तोंडाच्या उंचीला असतो. थांबायचं, पाणी प्यायचं, त्याला पुढं जाऊ द्यायचं. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, म्हणून उजाडल्याशिवाय बालिंगा सोडायचं नाही. शेतातून ट्रॅक्टर वर येतो तिथं डांबरावर चिखल आणि पाला असतो. तिथं ब्रेक नाही, वळण नाही, सरळ जायचं. टायर २८ चे बसत असतील तर आत्ताच बदला. २५ वर हवा ठासून भरू नका.

उताराबद्दल. हात भरून आले याचा अर्थ तुम्ही सतत ब्रेक धरून उतरलात. रिम तापते, कधी कधी ट्यूब फुटते. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक ठाम दाबा, वेग पाडा, मग सोडा आणि वळण घ्या. हात हँडलच्या खालच्या वाकात, बूड थोडं मागं, नजर वळणाच्या शेवटावर. कळंब्याकडच्या छोट्या उतारावर वीस वेळा करून बघा, हाताला सवय होते.

शाहूपुरी_सायकल

काका, इतकं मनापासून लिहिलंत, खूप आभार. मुलाला वाचून दाखवलं. कॉलरबोनचं ऐकून आई मात्र गप्प झाली. दोन शंका आहेत. मागे ११-३२ टाकावं का? आणि या वर्षी पाऊस लांबलाय, तर रस्ता बरा आहे हे ओळखायचं कसं?

राधानगरीकर

३२ टाका, पण आधी मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा, पिंजरा बघून घ्या. आखूड पिंजऱ्याला सहसा ३२ झेपत नाही, चेनही लांब लागते. दुकानात सायकल घेऊनच जा.

आमच्या भोगावतीचंही नाव घेतो. पुईखडी, हळदी, परिते, राधानगरी. अंतर गगनबावड्याइतकंच. शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं धरण बघायला मिळतं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी पुरेसं चढलं की आपोआप उघडतात. पुढं दाजीपूरकडं मात्र एकट्यानं आणि संध्याकाळी जाऊ नका. अभयारण्य आहे, गवे रस्त्यावर येतात. गवा दिसला की लांबच थांबायचं, घंटी वाजवायची नाही, कळप पूर्ण पार होऊ द्यायचा. एक गेला म्हणून निघालं की मागून दुसरा येतो. माझ्या पुढ्यात असं झालंय, मधलं अंतर वीस पावलंही नव्हतं.

पाटकरी

राधानगरीकर बरोबर बोलले, दाजीपूर दुसऱ्या हंगामासाठी ठेवा.

पावसाचं सांगतो. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघायची सवय लावून घ्या, पेपरात रोज येते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ ला ती ५५ च्या वर गेली होती. आपल्यासाठी मात्र ३९ च्या कितीतरी आधी रस्ते बिघडायला लागतात. बातमीत "कुंभीवरील कळे, शेनवडे, वेतवडे, मांडुकली बंधारे पाण्याखाली" असं वाचलं की त्या रविवारी गगनबावडा रद्द. मांडुकलीला रस्त्यावर पाणी येतं आणि डांबराची कड किती खचलीय ते पाण्यातून दिसत नाही. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथलं पुराचं पाणी रस्त्यावर आलं, की पन्हाळ्याची बाजूही गेली. पाणी उतरल्यावरही आठवडाभर रस्त्याच्या कडेला गाळ असतो. वाळल्यावर तो पिठासारखा होतो आणि चाक त्यात बुडतं.

नोव्हेंबरात नदीच तुम्हाला सांगेल. पावसाळा संपला की बंधाऱ्यांच्या खांबांमधे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायला सुरुवात होते. बर्गे बसलेले दिसले की पाण्याचा जोर संपला असं समजायचं. तेवढं बघायला एक दिवस शिंगणापूरपर्यंत जाऊन या. पण बंधाऱ्यावरून सायकल चालवत नेऊ नका, उतरून हातानं न्या. वर कठडा नसतो आणि फटी असतात.

खिशात गुळाचा खडा आणि भाजलेले शेंगदाणे ठेवा, दर पाऊण तासाला थोडे. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो.

शाहूपुरी_सायकल

जाऊन आलो! ११२ किलोमीटर. पावणेसात वाजता बालिंगा सोडलं, साडेदहाला गगनबावडा. ३२ टाकलं होतं, शेवटच्या चढाला तेच कामी आलं. मुलगा वर पोचून सायकल आडवी टाकून बसला होता आणि मी दिसल्यावर परत अर्धा किलोमीटर खाली आला माझ्याबरोबर चढायला. कड्याजवळ खालून धुकं येत होतं, कोकण मधूनमधून दिसायचं आणि जायचं.

मांडुकलीला परतताना थांबलो. बंधाऱ्यावर चार माणसं बर्गे बसवत होती. एकानं विचारलं, कुठनं आलासा? कोल्हापूर म्हटल्यावर म्हणाला, सायकलीवर? पाणी दिलं त्यांनी. काका, तुमच्यामुळे कळलं की ते काय करत होते, नाहीतर मी तशीच पुढे गेले असते.

कळ्याच्या अलीकडे दोन ट्रॉल्या होत्या, चढ होता. थांबलो दोघं. हात या वेळी दुखले नाहीत. घरी जायच्या आधी गंगावेशीत कट्ट्यावर एकेक पेला दूध घेतलं, मुलानं दोन.

पुढच्या महिन्यात कासारी करायची आहे. कळ्यातून बाजारभोगावला वळणारा रस्ता २८ च्या टायरला चालेल का?

पाटकरी

चालेल. पण परवा पाऊस झालाय, मी येत्या शनिवारी जाऊन बघून येतो आणि इथंच लिहितो. तोवर थांबा.