मोठी आरव्ही घेऊन पॅसिफिक कोस्ट: रूट कसा ठरवलात? अनुभव लिहा

मंडळी, सप्टेंबरात सॅन डिएगोहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने ऑरेगनपर्यंत जायचा बेत आहे. आम्ही सहा जण, त्यात आई-बाबा आणि दोन पोरं, म्हणून 31 फुटी क्लास सी आरव्ही (राहायची-झोपायची सोय असलेली मधल्या आकाराची गाडी) बुक केलीय. मी आजवर एसयूव्हीपेक्षा मोठं काही चालवलेलं नाही. नकाशावर हायवे 1 ची रेघ ओढली, दिवसाला 200 मैल धरले, आणि बायकोने विचारलं हे 200 कुठून आले, तर मला उत्तर देता येईना. म्हणून हा धागा. मोठी गाडी घेऊन हा किनारा ज्यांनी केलाय त्यांनी लिहा, रूट कसा ठरवला, कुठे फसलात. फोटो नंतर बघू, आधी फजिती सांगा.

----

आधी ते 200 मैल खोडा. कार्मेल ते सॅन सिमिअन (हाच तो बिग सरचा कड्याकड्याचा पट्टा) जेमतेम 90 मैल आहेत, कारवाले अडीच-तीन तासांत जातात, आम्हाला साडेपाच लागले आणि त्यात जेवण धरलेलं नाही. आमची 34 फुटी क्लास ए (बससारखी मोठी), मागे कार बांधलेली. (मागे काही ओढत असाल तर कॅलिफोर्नियात ताशी 55 मैलांच्या वर जायचं नाही, हे मला निघाल्यावर कळलं!) बिक्सबी ब्रिज 1932 चा आहे, दोन्ही लेन मिळून रुंदी 24 फूट. आपली गाडी साडेआठ फूट, आरसे वेगळे. समोरून दुसरी आरव्ही आली तेव्हा बायको उजवीकडचा कठडा बघून "डावीकडे घे, डावीकडे घे" ओरडतेय आणि इकडे पिवळी रेघ माझ्या चाकाखाली आलेली. पुलाचा फोटो एकही नाही. थांबायला जागा होती, पण ती कारनी खच्चून भरलेली, आमची वरात तिथे कुठे घालणार.

दुसरं म्हणजे मागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या की पहिल्या सोयीच्या टर्नआउटला (रस्त्याकडेची मोकळी जागा) बाजूला व्हायचं, तिथे कायदाच आहे तसा. पण टर्नआउट म्हणजे कधीकधी नुसता खडीचा तुकडा, त्यात आपण आणि मागची कार दोन्ही मावतील का हे ताशी 30 ने जाताना दोन सेकंदांत ठरवायचं. पहिला तास मी आरशात बघून गाड्या मोजत होतो, मान अवघडली, मग ते काम लेकाला दिलं. तो मागच्या खिडकीतून ओरडायचा, "बाबा सात!", "बाबा अकरा!". समुद्र त्यानेच बघितला.

----

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. एक भर घालते. उत्तरेकडून दक्षिणेकडे या, समुद्र उजव्या हाताला राहतो आणि पुलआउटमध्ये (कडेच्या थांब्यात) सरळ शिरता येतं, असं जो तो सांगतो. कारसाठी बरोबर आहे. पण मोठ्या गाडीत पॅसेंजर सीट पार कड्याच्या टोकाशी येते, काचेतून खाली बघितलं की रस्ता दिसतच नाही, थेट पाणी. माझ्या सासूबाई दोन वळणांनंतर उठून मागच्या बेडवर जाऊन झोपल्या (पट्टा सोडून! मग थांबून त्यांना परत आणलं). तुम्ही दक्षिणेकडून निघताय म्हणजे डोंगराच्या बाजूने जाल, नवख्या ड्रायव्हरला तेच बरं.

----

लांबीचं गणित नीट करा हो. आमच्या भाड्याच्या गाडीच्या कागदावर 30 लिहिलेलं, मी फायफर बिग सर स्टेट पार्कची साइट (मुक्कामाला गाडी लावायची जागा) घेतली, तिथे मोटारहोमला मर्यादा 32 फूट, म्हटलं दोन फूट शिल्लक आहेत. गाडी ताब्यात घेतली आणि सहज टेप लावली तर बंपर ते बंपर 31 फूट 8 इंच. मागे सायकलींचा रॅक लावला की गेले 34 वर. रॅक काढून सायकली आत, म्हणजे बाथरूममध्ये, ठेवल्या आणि चार दिवस प्रत्येक वेळी आंघोळीला जायचं तर आधी दोन सायकली बाहेर. त्यात हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) नाहीत, वीज नाही, जनरेटरला ठरावीक वेळ. जागा मात्र रेडवुडच्या सावलीत, नदीकाठी, सुंदर.

आणि कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कची बुकिंग सहा महिने आधी सकाळी 8 ला उघडतात, पॅसिफिक वेळेने. मी 8 वाजून 4 मिनिटांनी बसलो तर सगळं संपलेलं. मिळाली ती नंतर कुणीतरी रद्द केलेली. तुम्ही सप्टेंबर म्हणताय आणि अजून साइट घेतल्या नसतील तर धागा बंद करून आधी ते करा.

----

मी थोडा विरुद्ध पक्ष. 25 फुटीने आम्ही बिग सर पूर्ण केला, काही झालं नाही, उगाच घाबरवू नका. सकाळी 7 ला निघालो, 11 च्या आत बाहेर. फक्त जूनमध्ये गेलो ही चूक, सगळा वेळ धुकं, समुद्राचा नुसता आवाज. सप्टेंबर चांगला निवडलाय. फायफर बीचचा मोह मात्र टाळा, सिकॅमोर कॅनियन रोडवर आरव्हीला बंदीच आहे आणि तसं असूनही आमच्यासमोर एकजण वळलेला, त्याला उलटं बाहेर काढायला अर्धा तास लागला.

----

आमचा बिग सर झालाच नाही. 2017 च्या उन्हाळ्याचं बुकिंग होतं आणि मे महिन्यात मड क्रीकला डोंगरच खाली आला, रस्ता दुसऱ्या वर्षी जुलैत उघडला. नंतर 2021 ला जायचं ठरवलं तर जानेवारीत रॅट क्रीकपाशी रस्ता वाहून गेला, तो एप्रिलमध्ये झाला बिचारा, पण तोवर आम्ही बेत बदललेला. 2024 ला रॉकी क्रीकपाशी एक लेन कोसळली तेव्हा घरातले माझ्याकडेच संशयाने बघायला लागले. आता मी रूट आखताना पर्यायी रस्ता आधी आखते. कॅम्ब्रियाहून हायवे 46 ने पासो रोबल्स, तिथून 101 ने सलिनास, मग 68 ने माँटरे. मोठ्या गाडीला झकास. आणि निघायच्या दिवशी सकाळी कॅल्ट्रान्सचं (तिथलं रस्ते खातं) क्विकमॅप, म्हणजे कुठला रस्ता बंद ते दाखवणारा नकाशा, बघायचं, बिग सरमध्ये बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, तिथे पोचल्यावर बघू म्हटलं तर बसा.

मधल्या नासिमिएंटो-फर्गसन रोडने जीपीएस शॉर्टकट दाखवेल. अजिबात नाही. कारवाल्याचीही परीक्षा आहे ती.

----

जीपीएसवरून आठवलं. नुसतं फोनच्या नकाशावर जाऊ नका, आरव्हीचं जीपीएस घ्या ज्यात उंची-लांबी-वजन भरता येतं. आम्ही उत्तरेला फोर्ट ब्रॅगहून हायवे 1 नेच लेगेटला चढलो. पुढे किनारा इतका खडा आहे की रस्ता समुद्र सोडून आत वळतो आणि जंगलात नुसती वळणं, वळणं, वळणं, पोरीला दोनदा उलटी झाली, वरचं कपाट उघडून साखरेचा डबा खाली आला आणि पुढचे तीन आठवडे आमच्या गाडीत मुंग्या होत्या. वर पोचल्यावर पोरांना झाडाच्या पोटातून गाडी न्यायची होती. शँडेलियर ट्रीचं भोक 6 फूट रुंद आणि 6 फूट 9 इंच उंच, आमची गाडी 12 फूट उंच. पोरं चालत गेली.

----

एक छोटी पण महागात पडलेली गोष्ट. वळण घेताना सगळे पुढे बघतात, पण आरव्हीचं ढुंगण मागच्या चाकांच्या बरंच मागे असतं आणि तुम्ही डावीकडे वळलात की ते उजवीकडे झोकांडी खातं. पंपावरून निघताना मी लगेच स्टेअरिंग मारलं आणि मागून कर्रर्र. पिवळा खांब, आमचा कोपरा, डिपॉझिट गेलं. खांबाला ओरखडासुद्धा नाही. आता एक गाडीभर सरळ पुढे गेल्याशिवाय वळत नाही. रिकाम्या पार्किंगमध्ये खांबाजागी बादली ठेवून तासभर सराव करा, मजाही येते.

----

सगळे बिग सर, बिग सर करताय, ऑरेगनबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितेय. मोठी गाडी असेल तर खरी सुट्टी तिथे सुरू होते! 101 रुंद आहे, गावं समुद्राला लागून, स्टेट पार्कमध्ये वीज-पाणी, बऱ्याच ठिकाणी सीवरसुद्धा (सांडपाण्याची जोडणी). बँडनजवळ बुलर्ड्स बीच, फ्लोरेन्सजवळ हनीमन, वर नेहालेम बे. 1967 च्या कायद्याने तिथला सगळा किनारा लोकांसाठी खुला आहे, त्यामुळे कुणाच्या बंगल्याच्या कुंपणाला वळसा घालून पाण्याशी जायची कटकट नाही. वाटेतले जुने पूल बघाच, न्यूपोर्टचा आणि कूस बेचा, दोन्ही 1936 चे, चढताना पोटात गोळा येतो पण बिक्सबीसारखी गर्दी नाही.

वारा मात्र लक्षात ठेवा. दुपारनंतर सुटतो. ऑनिंग (गाडीच्या बाजूचं कापडी छत) उघडून आम्ही फिरायला गेलो आणि परत आलो तर ते छपरावर पालथं पडलेलं, शेजारच्या साइटवरचे आजोबा एका हाताने त्याची दांडी धरून उभे, दुसऱ्या हातात कॉफी. म्हणाले, वीस मिनिटं झाली.

----

डम्प स्टेशनचं (गाडीच्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) कुणी लिहिलं नाही, लोक लाजतात वाटतं. रूटमध्ये दर तिसऱ्या दिवशी एक धराच, सहा माणसं म्हणजे ग्रे टँक त्याआधीही भरेल. आधी ब्लॅक (संडासाची टाकी), मग ग्रे (आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची), म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. मी उलटं केलं. पुढचं विचारू नका.

----

धागाकर्ता परत आलो. सगळ्यांचे आभार, धागा दोनदा वाचला, एकदा बायकोसमोर. बदललेला बेत असा: दिवसाला 120 मैलांच्या वर नाही. मॉरो बे स्टेट पार्कला हुकअपची साइट मिळाली, दोन रात्री. तिथून पिएद्रास ब्लँकासच्या एलिफंट सील बघून (तिथे मोठ्या गाडीला पार्किंग आहे असं दिसतंय) कॅम्ब्रियाला मागे फिरायचं आणि 46-101-68 ने माँटरे. आरव्ही तिथे लावून एक दिवस भाड्याची मिनीव्हॅन घ्यायची, बिक्सबी, मॅकवे फॉल्सपर्यंत खाली जाऊन संध्याकाळी परत. लेगेटची चढण रद्द. वाचलेले तीन दिवस ऑरेगनला.

काल संध्याकाळी घरासमोर टेप घेऊन खडूने 31 फूट आखले, मग सायकल रॅकचे अजून तीन. आमची एसयूव्ही आणि शेजाऱ्यांची कार त्यात एकामागे एक लावली तरी वर जागा उरली. लेक रेघांच्या आत आडवी पडून आपला बेड कुठे ते ठरवत होती. बाबा बाहेर आले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून बघितलं, आणि काही न बोलता आत गेले.